खांदा, दस्ता आणि मातीचे कबूतर : बंदुकीच्या धक्क्याचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/
अमेरिकेतील ट्रॅप नेमबाजीच्या मैदानांवर कधीकधी एक विलक्षण बंदूक दिसते. तिचा चाप ओढला तरी बार उडत नाही. चाप दाबून धरायचा, लक्ष्य हवेत आले की बोट सैल सोडायचे, आणि तेव्हा बार उडतो. जगातील इतर सर्व बंदुकांच्या नेमके उलट. ‘रिलीज ट्रिगर’ नावाची ही यंत्रणा कोणी हौसेखातर बसवून घेत नाही.

२/
ती बसवून घेतो तो नेमबाज, ज्याचे बोट ऐन वेळी ऐकेनासे झालेले असते. लक्ष्य समोर आहे, नेम बरोबर आहे, आणि बोट जागचे हलत नाही. हललेच तर सारे अंग दचकते व नळीचे तोंड भलतीकडे जाते. इंग्रजीत यास ‘फ्लिंच’ म्हणतात. हा भित्रेपणा नव्हे. हजारो बार सोसलेल्या शरीराने मालकाला न विचारता दिलेला तो नकार असतो. त्यात कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाचाही वाटा असतो. पण मुख्य कारण खांद्याला आणि गालाला बसणारा धक्का.

३/
शरीराचा हा नकार इतिहासात केव्हापासून ऐकू येऊ लागला? आणि त्याला उत्तर देता देता बंदुकीचा साधा लाकडी दस्ता सरकणारा, दबणारा, हवा तसा बदलता येणारा कसा झाला? आजचा धागा त्याविषयी.

४/
प्रथम खेळाची ओळख. ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जिवंत कबुतरे पेटीत कोंडत, दोरी ओढून ती उडवत आणि नेमबाज छऱ्यांच्या बंदुकीने ती हवेत टिपत. लंडनजवळ ईलिंग येथील ‘ओल्ड हॅट्स’ या मद्यगृहाशी जोडलेली आठवण अशी की तेथे कबुतरे जमिनीतील खळग्यांत ठेवून वर जुन्या टोप्या झाकत. अमेरिकेत सिनसिनाटी येथे हा खेळ १८३१ मध्ये खेळला गेल्याची नोंद आहे.

५/
या जुन्या खेळात बारांची संख्या फार मोठी नसे, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक बारामागे एक पक्षी लागे, आणि पक्षी विकत घ्यावा लागे. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरांची स्पर्धा झाली, तेव्हा बेल्जियमच्या लेऑं द लुंदेन याने २१ पक्षी पाडून ती जिंकली. एकवीस! एवढ्याने निरोगी माणसाचा खांदा फार तर हुळहुळतो. त्यामुळे दस्त्याचे टोक नुसत्या अक्रोडाच्या लाकडाचे असले, किंवा त्यावर शिंगाची नाहीतर लोखंडाची पट्टी असली, तरी कोणी फारशी तक्रार करत नसे.

६/
तक्रार नव्हती म्हणजे विचार नव्हता असे नाही. बर्मिंगहॅमचे प्रसिद्ध बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या नावाने एक ठोकताळा चालत आला आहे : बंदूक छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट जड असावी. ३२ ग्रॅम छरे असतील तर बंदूक साधारण ३ किलोची. याहून हलकी असल्यास खांद्याला त्रास, याहून जड असल्यास दिवसभर रानात वागवण्याचा त्रास. शिकाऱ्यासाठी हा हिशेब चोख होता. पण पुढे जो माणूस येणार होता तो शिकारी नव्हता.

७/
कबुतरे महाग पडू लागली, त्यांवर दया येणाऱ्यांचा आवाजही वाढू लागला, आणि १८६० च्या दशकात अमेरिकेत काचेचे पोकळ गोळे उडवले जाऊ लागले. या काळातील मोठे नाव कॅप्टन ॲडम बोगार्डस. गुळगुळीत काचेवरून छरे निसटतात म्हणून त्यांनी १८७७ मध्ये खरबरीत पृष्ठभागाच्या गोळ्याचे पेटंट घेतले. गोळ्यांत पिसेही भरत, म्हणजे फुटल्यावर पक्षी मेल्याचा भास व्हावा. दयेला पळवाट आणि डोळ्याला समाधान, दोन्ही एकाच काचेत!

८/
१८७८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या गिलमोर्स गार्डनमध्ये बोगार्डस यांनी पैज लावली : ५०० मिनिटांत ५,००० गोळे फोडायचे. त्यांनी ते फोडले. पॅरिसच्या त्या एकवीस कबुतरांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. लक्ष्य निर्जीव झाल्याबरोबर संख्येला कुंपणच उरले नाही.

९/
१८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी मातीची चपटी तबकडी आणि ती फेकणारा सापळा यांचे पेटंट घेतले. पोरे पाण्यावर चपटे शिंपले टप्पे घेत फेकत होती, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली अशी कथा आहे. पहिल्या तबकड्या खरोखरच भाजलेल्या मातीच्या होत्या आणि इतक्या कडक, की छरे लागूनही अनेकदा नुसत्या खणखणत. नंतर चुनखडी व डांबर यांचे ठिसूळ मिश्रण आले. नाव मात्र ‘मातीचे कबूतर’ हेच राहिले.

१०/
या नव्या तबकडीची जाहिरात म्हणून १८८३ मध्ये बोगार्डस आणि डॉ. विल्यम कार्व्हर यांच्यात सामन्यांची मालिका ठेवण्यात आली. एकूण २५ सामने, प्रत्येकात १०० तबकड्या. कार्व्हर १९ जिंकले, बोगार्डस ३, आणि ३ बरोबरीत सुटले. इतिहासकार सहसा विजेत्याकडे पाहतात. या धाग्यासाठी महत्त्वाचा आकडा दुसरा आहे : प्रत्येकाच्या खांद्यावर किमान २,५०० बार. पक्षी संपतात, पैसे संपतात. तबकड्या संपत नाहीत. आता खेळाची सीमा ठरवणार होता तो खांदा.

११/
किती असतो हा धक्का? गणित शालेयच आहे. ३२ ग्रॅम छरे सेकंदाला सुमारे ३६५ मीटर वेगाने पुढे जातात. सोबत काडतुसातील बूच आणि जळालेल्या दारूचा वायू. संवेगाच्या नियमाने ३.९ किलोची बंदूक सेकंदाला साधारण साडेतीन मीटर वेगाने मागे येते. ऊर्जा सुमारे २५ ज्यूल. म्हणजे अडीच किलोचे वजन एक मीटर उंचीवरून सोडल्यास जमिनीजवळ त्यात जेवढी ऊर्जा असेल तेवढी. एकदा ठीक. दिवसाला दोनशे वेळा, आठवडाभर, वर्षानुवर्षे? हाताला सवय होते असे जुने लोक म्हणत. अनेकांना सवय झाली, आणि त्यांच्यातल्याच काहींना पुढे रिलीज ट्रिगर लावावा लागला.

१२/
धुराविना जळणाऱ्या नव्या दारूने थोडा दिलासा दिला. काळ्या दारूचे वजन जास्त, आणि ते वजनही वायू व धूर होऊन पुढे फेकले जात असल्याने धक्क्यात भर घाली. नवी दारू त्याच कामासाठी कमी लागे. जुन्या दारूचे माप ‘ड्रॅम’ होते. अमेरिकी काडतुसांच्या खोक्यांवर ‘इतक्या ड्रॅमच्या तोडीचे’ असा शेरा पुढे शतकभर छापला जात राहिला. काळी दारू गेली, तिचे माप मागे राहिले.

१३/
आता १८८७ चे लंडन. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव, आणि बफेलो बिलच्या खेळासोबत आलेली जेमतेम पाच फूट उंचीची ॲनी ओकली. तमाशात तिचा नेम चुकत नसे. पण इंग्लंडच्या चपळ कबुतरांपुढे ती सुरुवातीला अडखळली. चार्ल्स लँकेस्टर या लंडनच्या बंदूकपेढीचे मालक हेन्री थॉर्न यांनी दोष तिच्यात शोधला नाही, बंदुकीत शोधला. तिची अमेरिकी बंदूक तिच्या अंगाला जड होती, आणि दस्ता नळीच्या रेषेपासून फार खाली झुकलेला होता. थॉर्न यांनी तिच्या मापाच्या, सुमारे सहा पौंडांच्या २० बोअरच्या बंदुका घडवल्या. तिचे आकडे सुधारले.

१४/
येथे थांबून पाहण्यासारखे काही आहे. ग्रीनरच्या हिशेबाने हलकी बंदूक म्हणजे जास्त धक्का. मग हलकी बंदूक तिला मानवली कशी? एक तर २० बोअरमध्ये छरे कमी. पण दुसरे कारण अधिक मोलाचे. दस्ता फार झुकलेला असला की नळी खांद्याच्या बरीच वर राहते. बार उडताच बंदूक मागे तर येतेच, शिवाय खांद्याभोवती वर उसळते आणि दस्त्याची कड गालफडावर आदळते. दस्ता सरळ झाला की तोच धक्का नीट मागे, खांद्याच्या मांसल भागात जातो. धक्का तेवढाच, जागा वेगळी. दुखणे पुष्कळदा जागेचे असते.

१५/
माप घेण्याची कला त्याच दशकाच्या अखेरीस एका साधनात उतरली. बर्मिंगहॅममध्ये ‘ट्राय गन’, म्हणजे माप घेण्याची बंदूक, तयार झाली. तिच्या दस्त्याला सांधे आणि मळसूत्रे असत. लांबी वाढवावी, कड उचलावी, टोक डावी-उजवीकडे कलवावे. गिऱ्हाईक ती खांद्याला लावी, कारागीर समोर उभा राहून त्याच्या डोळ्यात पाही, किल्लीने पीळ देई, पुन्हा पाही. सारे जुळले की आकडे वहीत उतरवत आणि मग अक्रोडाचा अखंड दस्ता कोरत.

१६/
म्हणजे बदलता येणारा दस्ता १८९० च्या आधीच अस्तित्वात होता! फक्त तो दुकानातून बाहेर येत नव्हता. शिंप्याने टेप गळ्यात घालून गिऱ्हाइकाला कोट द्यावा, तसे. विसाव्या शतकातील नेमबाजाने केलेली क्रांती एवढीच, की त्याने कोटाऐवजी टेपच मागितली. अंग बदलते, हिवाळ्यात जाड जाकीट चढते, उन्हाळ्यात सदरा उरतो, वयानुसार मान आखडते. लाकडाचे माप मात्र कोरले त्या दिवसाचेच राहते.

१७/
दस्त्याच्या एका आकाराचे नाव ‘माँटे कार्लो’ आहे. तेथील कॅसिनोखालच्या मैदानात १८७२ पासून जिवंत कबुतरांच्या बड्या स्पर्धा होत. त्या १९६० च्या दशकात थांबल्या. या दस्त्यात गाल टेकण्याची कड नळीला समांतर, उंच ठेवतात आणि मागे एकदम खाली उतरवतात. डोके ताठ राहते, खांद्याला टोक खालीच मिळते, आणि बंदूक मागे सरकताना कड गालावर चढत नाही. नाव श्रीमंती थाटाचे, उगम रक्ताळलेला, उपयोग मात्र आजही रोजचा. ब्रिटनमध्ये कोंडलेल्या पक्ष्यांवरील नेमबाजी १९२१ च्या कायद्याने बंद झाली. त्या खेळाने घडवलेला दस्ता तबकड्यांच्या मैदानावर तसाच चालू राहिला.

१८/
पुन्हा १९०० कडे. पॅरिसमध्ये ती एकवीस कबुतरे पडली त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळच्या इंटरस्टेट पार्कमध्ये तबकड्यांची पहिली ‘ग्रँड अमेरिकन’ स्पर्धा झाली. रोला हाइक्स यांनी १०० पैकी ९१ फोडून ती जिंकली. १९२४ ते २००५ या स्पर्धेचे घर ओहायोतील व्हँडेलिया होते. त्यानंतर इलिनॉयमधील स्पार्टा. हा दिवसेंदिवस चालणारा मेळा आहे, आणि प्रत्येक प्रकारात उतरणारा स्पर्धक त्यात सहज हजारावर बार उडवतो. १०० पैकी ९१ ला विजय मिळण्याचे दिवस कधीच सरले. जिथे एक तबकडी हुकली की बक्षीस गेले, तिथे दिवसअखेरीचे एक दचकणे म्हणजे वर्षाची मेहनत पाण्यात.

१९/
पहिला सार्वत्रिक उपाय रबराचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या सिल्व्हर कंपनीची लालसर रबरी गादी दस्त्याच्या टोकाला लागू लागली. ही तीच कंपनी, जिच्या कारखान्यावरून लंडनच्या एका भागाला सिल्व्हरटाउन हे नाव पडले. रबर उत्तम, पण बोटभर जाडीचे रबर दबून दबून किती दबणार?

२०/
खरे सूत्र तोफखान्याने आधीच सिद्ध केले होते. फ्रान्सच्या १८९७ च्या ७५ मिलिमीटर तोफेत नळी गाड्यावर एक मीटरहून अधिक मागे सरके. तेल आणि दाबलेली हवा तिला हळूहळू थांबवत व परत जागी आणत. गाडा जागचा हलत नसे, म्हणून प्रत्येक बारानंतर नव्याने नेम धरावा लागत नसे. तत्त्व क्रिकेटच्या मैदानावर प्रत्येकाने वापरलेले असते : वेगवान चेंडू झेलताना हात मागे न्यायचे. ऊर्जा तेवढीच, पण ती दुप्पट अंतरात जिरवली की सरासरी जोर निम्मा.

२१/
खांद्यापाशी मीटरभर जागा नसते. दोनेक सेंटिमीटर मिळाले तरी पुष्कळ. १९६३ मध्ये आलेल्या रेमिंग्टन ११०० या बंदुकीने वायूच्या दाबाचा काही भाग स्वतःच काडतूस बदलण्यासाठी वापरला, आणि धक्का काळात पसरून मऊ वाटू लागला. ट्रॅपवाल्यांनी ती उचलून धरली. त्याच दशकाच्या मध्यात विंचेस्टरने आपल्या नावाजलेल्या मॉडेल १२ या बंदुकीवर ‘हायड्रो-कॉइल’ दस्ता देऊ केला : दोन भाग, एकात एक सरकणारे, आत धक्का जिरवणारी यंत्रणा. तोफेचे तत्त्व खांद्यापर्यंत पोहोचले. पण दस्ता प्लास्टिकचा होता, आणि अक्रोडावर जीव असलेल्या पिढीला तो रुचला नाही. तो फार काळ टिकला नाही.

२२/
कल्पना मात्र मेली नाही. पुढच्या दशकांत कारागिरांनी तीच यंत्रणा आखूड करून लाकडी दस्त्याच्या शेपटीत बसवली : स्प्रिंग, कधी तेलाचा किंवा हवेचा दट्ट्या, आणि त्यासोबत लांबी, उंची व कोन बदलण्याची मळसूत्रे. म्हणजे एका बाजूने बर्मिंगहॅमची माप घेण्याची बंदूक आली, दुसऱ्या बाजूने फ्रेंच तोफ, आणि दोघींची गाठ नेमबाजाच्या खांद्याजवळ पडली.

२३/
असा दस्ता बसवणे म्हणजे काय, हे तपशिलात पाहण्यासारखे आहे. पहिले काम करवतीचे. यंत्रणा आणि तिच्यामागची गादी मिळून जेवढी जागा घेतील तेवढे लाकूड मागून कापावे लागते. न कापल्यास चापापासून टोकापर्यंतचे अंतर वाढून बंदूक खांद्याला लागतच नाही. शिवाय बार उडताच दस्ता आत दबणार, तेव्हा दबलेल्या अवस्थेतही अंगठा नाकावर येऊ नये, एवढी लांबी राखावी लागते.

२४/
मग स्प्रिंगचा ताण. फार कडक असली तर ती दबतच नाही. केलेला खर्च वाया. फार मऊ असली तर पूर्ण दबून तळाला ठोकर बसते, आणि ती ठोकर मूळ धक्क्याहून वाईट. म्हणून ताण काडतुसाच्या जोराप्रमाणे आणि बंदुकीच्या वजनाप्रमाणे ठरवतात. टोकाचा कोन चुकला तर गादीचा फक्त खालचा कोपरा छातीत रुततो. तो सारखा बसेपर्यंत पाचर घालावी किंवा मळसूत्र फिरवावे लागते.

२५/
सर्वांत नाजूक प्रश्न गालाचा. खांद्याजवळची गादी स्थिर आणि बाकी बंदूक मागे सरकणारी, म्हणजे गाल टेकलेली कडही सरकणार. ती मागे चढत गेलेली असली तर सरकताना गालापासून खाली निसटेल. मागे उतरत गेलेली असली तर पुढचा उंच भाग गालाखाली पाचरीसारखा घुसेल. म्हणून कड सरकण्याच्या रेषेला समांतर हवी. माँटे कार्लोच्या मैदानावर सापडलेले उत्तर शंभर वर्षांनी वेगळ्या यंत्रासाठी उपयोगी पडले. ज्या रचनेत कड गादीबरोबर स्थिर राहते आणि बंदूक तिच्या आत सरकते, तेथे हा प्रश्नच उरत नाही.

२६/
शेवटी कागद. उभ्या कागदावर एका खुणेवर काही बार टाकून छऱ्यांचा पुंजका कुठे पडतो ते पाहतात. ट्रॅपची तबकडी वर चढत जाते, म्हणून पुंजका नेमापेक्षा किंचित वर पडलेला बहुतेकांना हवा असतो. नेमबाजाचा डोळा म्हणजे या बंदुकीची मागची माशी. कड जराशी उचलली की डोळा वर, आणि छरेही वर. एका वेळी एकच माप बदलावे हा जाणत्यांचा नियम. दोन मळसूत्रे एकदम फिरवणाऱ्याला सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळत नाही.

२७/
याची किंमतही आहे. यंत्रणेचे वजन मागे येते, बंदुकीचा तोल बदलतो. आणि कापलेले लाकूड परत वाढत नाही. जुन्या मॉडेल १२ चा मूळ दस्ता कापला की संग्राहकाच्या लेखी तिचे मोल घसरते. त्यामुळे शहाणे लोक मूळ दस्ता उतरवून कपाटात ठेवतात आणि करवत दुसऱ्या, साध्या दस्त्यावर चालवतात. इतिहासप्रेमींना मूळ लाकडाची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. पण तीस वर्षे खेळून खांदा गमावत असलेल्या माणसापुढे ती हळहळ फार ताणू नये.

२८/
भारतीय वाचकाला ट्रॅप म्हटले की बिकानेरचे महाराजा करणी सिंह आठवतात : १९६२ च्या कैरो जागतिक स्पर्धेत रौप्य, आणि १९६० ते १९८० दरम्यान पाच ऑलिंपिक. आज ऑलिंपिक ट्रॅपमध्ये काडतुसातील छऱ्यांवर सुमारे २४ ग्रॅमची मर्यादा आहे, तर अमेरिकी ट्रॅपमध्ये ३२ ग्रॅम चालतात. हा फरक प्रत्येक बाराला खांद्यावर जाणवतो. धक्का जिरवणाऱ्या दस्त्यांचे वेड अमेरिकेत अधिक का, याचे एक कारण त्या आठ ग्रॅमांत आहे.

२९/
रिलीज ट्रिगरला आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मनाई आहे. अमेरिकेत तो चालतो. मात्र बंदुकीवर तशी खूण ठळक लावावी लागते, कारण नकळत ती हाती घेऊन चाप दाबणाऱ्याने बोट काढताच बार उडेल.

३०/
आणि तो प्लास्टिकचा हायड्रो-कॉइल? ज्याला त्याच्या काळात लोकांनी नाके मुरडली, त्या दस्त्यासह असलेली मॉडेल १२ आज संग्राहक शोधत असतात. अट एकच : दस्ता मूळचा हवा, कोणी कापलेला नको.